कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचार

कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचार : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी वंश, लिंग व वर्ग यांच्या एकत्रित जाचाच्या अनुभवातून घडविलेली विचारपरंपरा आणि तिच्यातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली ज्ञानशाखा. त्या देशाच्या सार्वजनिक जीवनात ‘स्त्री’ म्हटले, की गोरी स्त्री आणि ‘निग्रो’ म्हटले, की काळा पुरुष असा अर्थ दीर्घकाळ गृहीत धरला गेला. त्यामुळे काळ्या स्त्रीला चळवळीत, न्यायालयात आणि इतिहासग्रंथांत स्वतःचे असे स्थान राहिले नाही. आपल्या अनुभवाचा पुरावा ग्राह्य मानला जावा, हीच ह्या परंपरेची आरंभापासूनची मागणी आहे. विद्यापीठांतून ह्या विचाराला मान्यता १९७० नंतर मिळाली. त्यामुळे तो गोऱ्या स्त्रियांच्या मुक्तिचळवळीला उशिरा फुटलेली एक शाखा होय, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. ह्या विचाराची मुळे अमेरिकेतील स्त्रीहक्कांच्या पहिल्या परिषदेच्याही (सेनेका फॉल्स, १८४८) मागे जातात.

मराया स्ट्यूअर्ट (१८०३–७९) ही ह्या परंपरेची पहिली ठळक प्रतिनिधी. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे स्वतंत्र काळ्या कुटुंबात तिचा जन्म झाला. पाचव्या वर्षी ती पोरकी झाली आणि एका धर्मोपदेशकाच्या घरी चाकरी करीत वाढली. १८२९ मध्ये पती वारल्यानंतर गोऱ्या व्यवस्थापकांनी तिला वारशाच्या मालमत्तेस मुकविले. १८३१ पासून विल्यम लॉइड गॅरिसनच्या लिबरेटर या दासप्रथाविरोधी पत्राने तिचे लेखन प्रसिद्ध केले. सप्टेंबर १८३२ मध्ये बॉस्टन येथील फ्रँक्लिन हॉलमध्ये तिने स्त्रीपुरुषांच्या संमिश्र सभेपुढे भाषण केले. राजकीय विषयावर अशा सभेत जाहीरपणे बोलणारी ती अमेरिकेत जन्मलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक होती. काळ्या मुलींच्या वाट्याला धुणीभांडी आणि चूल यांपलीकडे काही येऊ नये, अशी व्यवस्था गोऱ्या समाजाने केली आहे आणि काळे पुरुष ती निमूटपणे चालू देत आहेत, असा तिचा दुहेरी आरोप होता. हा दुसरा भाग श्रोत्यांना रुचला नाही. वर्षभरातच तिने बॉस्टन सोडले आणि पुढील आयुष्य शिक्षिका म्हणून काढले. १८१२ च्या युद्धातील सैनिकाची विधवा म्हणून उतारवयात तिला निवृत्तिवेतन मिळाले. त्या पैशातून तिने आपले जुने लेखन १८७९ मध्ये पुन्हा छापून घेतले. तिचे नाव त्यानंतर शंभर वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेले होते, हे लक्षात घेता तो खर्च वाया गेला नाही, असे म्हणावे लागते.

सोजर्नर ट्रूथ (सु. १७९७–१८८३) हिचे नाव विसरले गेले नाही; पण तिच्या तोंडी दुसऱ्याचेच शब्द बसले. न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात, डच भाषा बोलणाऱ्या मालकाच्या घरी इझाबेला ह्या नावाने ती गुलाम म्हणून जन्मली. बालपणीची तिची भाषा डच होती. इंग्रजी ती नंतर शिकली. १८२६ मध्ये तिने मालकाचे घर सोडले. तिचा मुलगा बेकायदा रीतीने ॲलाबॅमा राज्यात विकला गेला असता तिने न्यायालयात दाद मागून १८२८ मध्ये त्याला परत मिळविले. १८४३ मध्ये तिने सोजर्नर ट्रूथ (सत्याची पांथस्थ) हे नाव घेतले आणि फिरती धर्मोपदेशिका म्हणून ती गावोगाव बोलू लागली. ओहायओतील ॲक्रन येथे २९ मे १८५१ रोजी स्त्रीहक्क परिषदेत तिने केलेले भाषण सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्याच्या दोन संहिता उपलब्ध आहेत. पहिली मेरियस रॉबिन्सन ह्या पत्रकाराने तीनच आठवड्यांनी, जून १८५१ मध्ये अँटी-स्लेव्हरी ब्यूगल ह्या पत्रात छापली. तिच्यात पुरुषाइतके काम करण्याची ताकद, येशूच्या जन्मकथेतील स्त्रीचे स्थान इ. मुद्दे साध्या इंग्रजीत आले आहेत. दुसरी संहिता परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ‘मी स्त्री नाही काय?’ हा सवाल पालुपदासारखा पुन्हा पुन्हा येतो, सभा खवळलेली आहे आणि वक्त्रीची भाषा दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीची आहे. पहिल्या संहितेत हे पालुपद नाही. ट्रूथ आयुष्यात कधी दक्षिणेत गुलाम नव्हती. गेज यांच्या संहितेत ती तेरा मुलांची आई आहे. प्रत्यक्षात तिला पाच मुले होती. असे असूनही शाळांच्या पाठ्यपुस्तकांत आणि भित्तिपत्रकांवर दुसरीच संहिता गेली. नेल अर्व्हिन पेंटर ह्या इतिहासकर्त्रीने १८५१ आणि १८६३ च्या संहितांमधील हे अंतर आपल्या चरित्रग्रंथात (१९९६) तपशीलवार उलगडून दाखविले. ट्रूथला स्वतःला लिहिता येत नव्हते. त्यामुळे तिचे नेमके शब्द आता मिळण्यासारखे नाहीत. उरतो तो इतरांनी ऐकलेला आणि इतरांना हवा तसा घडविलेला आवाज. काळ्या स्त्रीचा इतिहास लिहिणाऱ्यापुढील मूळ अडचण ह्या एका भाषणात साठवलेली आहे.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) मताधिकाराच्या प्रश्नावर सुधारकांत फूट पडली. पंधराव्या घटनादुरुस्तीने (१८७०) वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. स्त्रियांचा तिच्यात उल्लेख नव्हता. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सूझन अँथनी यांनी तिला विरोध केला व त्या भरात वंशश्रेष्ठत्वाची भाषाही वापरली. कवयित्री फ्रान्सिस हार्पर (१८२५–१९११) हिने १८६६ मध्येच न्यूयॉर्क येथील परिषदेत गोऱ्या भगिनींना बजावले होते, की मताधिकार मिळाला म्हणून त्यांच्यातील पूर्वग्रह आपोआप जाणार नाहीत. पुढे घडले ते तिच्या शंकेला धरूनच.

ॲना जूल्या कूपर (सु. १८५८–१९६४) हिचा अ व्हॉइस फ्रॉम द साउथ (१८९२, ‘दक्षिणेतून एक आवाज’) हा ह्या विचारातील पहिला सलग ग्रंथ मानला जातो. नॉर्थ कॅरोलायनातील रॉली येथे गुलाम आईच्या पोटी ती जन्मली, ओबर्लिन महाविद्यालयाची पदवीधर झाली (१८८४) आणि वॉशिंग्टन येथील एम स्ट्रीट विद्यालयाची मुख्याध्यापिका झाली (१९०२–०६). काळ्या समाजाची प्रगती त्यातील निवडक पुरुषांच्या मानसन्मानावरून न मोजता सर्वसामान्य काळ्या स्त्रीच्या स्थितीवरून मोजावी, असा तिचा सिद्धांत होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील गुलामगिरीविषयक धोरणावर प्रबंध लिहून १९२५ मध्ये, वयाच्या सु. ६७ व्या वर्षी, तिने पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

त्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) हिची सदर्न हॉरर्स ही पुस्तिका निघाली. वेल्स ही मेम्फिसच्या फ्री स्पीच ह्या पत्राची सहसंपादिका. गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करणाऱ्या एका काळ्या किराणा दुकानाच्या तिघा माणसांना मार्च १८९२ मध्ये झुंडीने तुरुंगातून काढून ठार केले. त्यांतील टॉमस मॉस हा तिचा निकटचा स्नेही होता. काळ्या पुरुषांनी गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार केल्यामुळे लोक कायदा हाती घेतात, हे लिंचिंगचे त्या काळी सर्वमान्य समर्थन होते. मेम्फिसच्या घटनेत असा आरोपही नव्हता. वेल्सने एकेका घटनेचा शोध घेण्यास सुरुवात केली. हे समर्थन खोटे असल्याचे तिने छापताच जमावाने पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. ती त्या वेळी परगावी होती म्हणून वाचली. अ रेड रेकॉर्ड (१८९५) ह्या पुस्तकात तिने शिकागो ट्रिब्यून ह्या गोऱ्यांच्याच पत्राने जमविलेले आकडे वापरले. विरोधकांच्या साक्षीवरच खटला उभा केल्यामुळे तो पक्षपाती म्हणून झटकून टाकणे कठीण झाले. बळी पडलेल्यांपैकी सु. एकतृतीयांश व्यक्तींवरच बलात्काराचा नुसता आरोप होता, हे तिने दाखवून दिले. काळ्या स्त्रियांवर गोऱ्या पुरुषांनी केलेल्या अत्याचारांना मात्र शिक्षा नाही, ही दुसरी बाजूही तिने मांडली. स्त्रीचे शील, पुरुषाचे क्रौर्य आणि वंशाची प्रतिष्ठा ह्या कल्पना एकमेकींना कशा आधार देतात, ह्याचे हे पहिले पुराव्यानिशी केलेले विश्लेषण होय. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टन येथील स्त्रीमताधिकाराच्या मिरवणुकीत तिला काळ्या स्त्रियांबरोबर मागे चालण्यास सांगण्यात आले. ते न मानता ती वाटेतच इलिनॉयच्या तुकडीत शिरली. पुलित्झर मंडळाने २०२० मध्ये तिचा मरणोत्तर विशेष गौरव केला.

नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन ही स्त्रीमंडळांची मध्यवर्ती संस्था १८९६ मध्ये स्थापन झाली. मेरी चर्च टेरेल ह्या तिच्या पहिल्या अध्यक्षा. पाळणाघरे, शाळा, वृद्धाश्रम असे तिचे काम मोठे होते. ते करणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांची गरीब भगिनींकडे पाहण्याची दृष्टी काहीशी उपदेशकाची होती, हेही खरे. ती उणीव त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स (१९१५–६४) ह्या साम्यवादी लेखिकेने भरून काढली. १९४९ च्या आपल्या निबंधात तिने घरकाम करणाऱ्या काळ्या मोलकरणीला विवेचनाच्या केंद्रस्थानी आणले आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल स्वपक्षीयांनाही धारेवर धरले. १९५५ मध्ये अमेरिकेने तिला हद्दपार केले. उर्वरित आयुष्य तिने लंडनमध्ये काढले.

न्यायालयांत ह्या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. पॉली मरी (१९१०–८५) ही १९४४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याच्या परीक्षेत पहिली आली. पण केवळ स्त्री म्हणून हार्व्हर्डने तिला प्रवेश नाकारला. वर्णभेदाच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. त्यावरून स्त्री असल्यामुळे होणाऱ्या कोंडीला तिने ‘जेन क्रो’ हे नाव दिले. १९६५ मध्ये मेरी ईस्टवुड हिच्यासह लिहिलेल्या लेखात तिने लिंगभेद आणि वंशभेद यांतील कायदेशीर साम्य दाखविले. साम्य दाखविण्याच्या ह्या पद्धतीत एक धोका होता : दोन भेद शेजारी ठेवले, की दोन्ही ज्यांच्या वाट्याला येतात त्यांचे काय, हा प्रश्न सुटून जातो. त्याचा प्रत्यय १९७६ मध्ये आला. जनरल मोटर्स कंपनीच्या सेंट लूइस येथील कारखान्यातून कमी करण्यात आलेल्या पाच काळ्या स्त्रियांनी दावा लावला होता. शेवटी आलेल्यांना आधी काढावे, असा कंपनीचा ज्येष्ठतेचा नियम होता. आणि १९६४ पूर्वी कंपनीने काळ्या स्त्रियांना घेतलेच नसल्यामुळे शेवटी आलेल्या त्याच होत्या. जिल्हा न्यायालयाने म्हटले, की कंपनीने १९६४ पूर्वी स्त्रियांना नोकऱ्या दिलेल्या आहेत, म्हणून लिंगभेद सिद्ध होत नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार असल्यास ती त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात जोडावी. दोन्ही एकत्र करून काळ्या स्त्रियांचा वेगळा वर्ग कायद्यात निर्माण करता येणार नाही, असा न्यायालयाचा निर्णय होता. तर्काच्या दृष्टीने निर्णय सुसंगत दिसतो. त्याचा परिणाम मात्र असा, की जो अन्याय खरोखर घडला तो मांडण्यास जागाच उरली नाही. काही वर्षांनी एका अपील न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात (१९८०) काळ्या स्त्रियांविरुद्धचा भेदभाव स्वतंत्रपणे सिद्ध होऊ शकतो, हे मान्य केले. किंबर्ली क्रेनशॉ ह्या विधिविदुषीने १९८९ मध्ये जनरल मोटर्सच्या व इतर दाव्यांच्या आधारे ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (आंतरछेदिता) ही संकल्पना मांडली. चौकात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही रस्त्याने येणारे वाहन धडकू शकते आणि कधी सर्व बाजूंची वाहने एकदम धडकतात. कोणत्या वाहनाने इजा केली हे सांगता येत नाही, म्हणून इजा झालीच नाही असे ठरत नाही, असा तिच्या दृष्टांताचा आशय आहे. ही संज्ञा पुढे इतकी प्रचारात आली, की तिचे न्यायालयीन मूळ बहुतेकांच्या ध्यानातही राहिले नाही.

चळवळीच्या पातळीवर १९६५ नंतर मंथन सुरू झाले. त्या वर्षी डॅन्येल पॅट्रिक मॉयनिहॅन यांच्या सरकारी अहवालाने काळ्या कुटुंबांच्या दुरवस्थेचे खापर मातृप्रधान कुटुंबरचनेवर फोडले. अँजेला डेव्हिस (१९४४– ) हिने तुरुंगात असताना लिहिलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ह्या मताचे खंडन केले : गुलामगिरीत काळ्या स्त्रीला सत्ता कधीच नव्हती, शेतात ती पुरुषाइतकीच राबली आणि प्रतिकारातही सहभागी झाली. फ्रान्सिस बील हिची डबल जेपर्डी ही पुस्तिका (१९६९) आणि टोनी केड बंबारा हिने संपादिलेला द ब्लॅक वूमन हा संग्रह (१९७०) ह्याच सुमाराचा. बॉस्टन येथे १९७४ मध्ये काँबाही रिव्हर कलेक्टिव्ह हा गट जमला. बार्बरा स्मिथ, बेव्हर्ली स्मिथ व डेमिटा फ्रेझियर यांनी त्याचे निवेदन १९७७ मध्ये लिहिले. हॅरिएट टबमन हिच्या मार्गदर्शनाखाली १८६३ मध्ये साउथ कॅरोलायनातील काँबाही नदीवर झालेल्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले होते. त्यावरून गटाने हे नाव घेतले. जाचाचे निरनिराळे प्रकार एकमेकांत गुंतलेले असून ते सुटे करून लढता येत नाहीत, हे ह्या निवेदनाचे सूत्र होते. ‘अस्मितेचे राजकारण’ ही आज सैलपणे वापरली जाणारी संज्ञा येथे एका विशिष्ट अर्थाने आली : स्वतःच्या जाचाविरुद्ध स्वतः संघटित होणे. इतरांपासून फुटून निघण्याचा त्यात आग्रह नव्हता. १९७९ मध्ये बॉस्टनमध्ये काही महिन्यांत बारा काळ्या स्त्रियांचे खून झाले, तेव्हा गटाने पुस्तिका छापून त्या खुनांना वंशद्वेषाबरोबरच स्त्रीद्वेषाचीही बाजू आहे, हे लोकांसमोर आणले.

विद्यापीठांतील संशोधनाचा पहिला टप्पा हरवलेल्या लेखिका शोधण्याचा होता. कादंबरीकार आणि लोकसाहित्याची अभ्यासक झोरा नील हर्स्टन १९६० मध्ये फ्लॉरिडातील फोर्ट पिअर्स येथे सरकारी आश्रयगृहात वारली आणि तिला खूण नसलेल्या थडग्यात पुरण्यात आले. ऑगस्ट १९७३ मध्ये ॲलिस वॉकर (१९४४– ) ही लेखिका तेथे गेली. हर्स्टनची भाची असल्याचे सांगून तिने चौकशी केली, कमरेइतक्या गवतातून अंदाजाने जागा ठरविली आणि तेथे शिळा उभारली. शिळेवर जन्मवर्ष १९०१ कोरले आहे. खरे वर्ष १८९१ होते. हर्स्टन स्वतःच आपले वय कमी सांगत असे. वॉकरच्या १९७५ च्या लेखानंतर हर्स्टनची पुस्तके पुन्हा छापली जाऊ लागली. वॉकरने पुढे आपल्या दृष्टीला ‘वूमनिस्ट’ असे वेगळे नाव दिले (१९८३).

हॅरिएट जेकब्झ (सु. १८१३–९७) हिची कहाणी याहून बोलकी आहे. मालकाच्या वासनेपासून बचाव करण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभेही राहता येणार नाही अशा जागी, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. टोपणनावाने लिहिलेले तिचे आत्मकथन १८६१ मध्ये निघाले. विसाव्या शतकातील नामवंत इतिहासकारांनी ते अतिरंजित, कदाचित गोऱ्या संपादिकेने रचलेले म्हणून बाजूला ठेवले. जीन फेगन येलिन हिने जेकब्झची पत्रे शोधून, व्यक्ती व घटना कागदपत्रांशी ताडून ते तिचेच असल्याचे सिद्ध केले आणि १९८७ मध्ये त्याची सटीप आवृत्ती काढली. सव्वाशे वर्षे साक्षीदार हजर होती. तिची साक्ष तेवढी नोंदली गेली नव्हती.

इतिहासलेखनात डार्लीन क्लार्क हाइन (१९४७– ) हिचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. १९८० मध्ये ती इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात शिकवीत असता स्थानिक काळ्या स्त्रीमंडळाच्या एका शिक्षिकेने दूरध्वनी करून राज्यातील काळ्या स्त्रियांचा इतिहास लिहून देण्याची मागणी केली. इतिहासकाराकडून असा ग्रंथ वस्तू मागवावी तसा मागविता येत नाही, अशी हाइनची प्रथम प्रतिक्रिया होती. मंडळाच्या स्त्रियांनी घरोघरची पत्रे, छायाचित्रे, सभांची इतिवृत्ते जमवून तिच्यापुढे ठेवली, तेव्हा आपण ज्याला साधनांचा अभाव समजत होतो तो शोधाचा अभाव होता, हे तिच्या ध्यानात आले. ते पुस्तक १९८१ मध्ये निघाले. त्यानंतर तिने मध्यपश्चिमेकडील राज्यांत अशी साधने जमविण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि सहकाऱ्यांसह ब्लॅक विमेन इन अमेरिका हा द्विखंडात्मक कोश (१९९३) संपादित केला. अत्याचाराच्या भीतीपोटी काळ्या स्त्रियांनी बाहेरून मोकळेपणा दाखवून अंतरंग झाकून ठेवले, हे तिचे प्रतिपादन (१९८९) कागदपत्रांतील मौनाचा अर्थ लावण्यास उपयोगी पडते. डेबोरा ग्रे व्हाइट हिचा मळ्यांवरील गुलाम स्त्रियांविषयीचा ग्रंथ (१९८५) आणि एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम हिचा बॅप्टिस्ट चर्चमधील स्त्रियांच्या कार्यावरील ग्रंथ (१९९३) हेही महत्त्वाचे आहेत.

समाजशास्त्रात पट्रिशा हिल कॉलिन्स (१९४८– ) हिने ब्लॅक फेमिनिस्ट थॉट (१९९०) ह्या ग्रंथात ह्या परंपरेची तात्त्विक मांडणी केली. गोऱ्या घरात दिवसभर वावरूनही परकीच राहणाऱ्या मोलकरणीला त्या घराचे जे ज्ञान होते, ते मालकिणीला होत नाही. ‘आतली परकी’ ही तिची संकल्पना ह्या निरीक्षणावर उभी आहे. ज्ञान केवळ ग्रंथांत नसून गीतांत, चर्चमधील प्रवचनांत आणि शेजारणींच्या संभाषणांतही असते, असे ती मानते. २००९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषविणारी ती पहिली काळी स्त्री होय. कवयित्री ऑड्री लॉर्ड (१९३४–९२) हिने स्त्रियांमधील भेद झाकण्याऐवजी ते बळाचे साधन मानावेत, असा आग्रह धरला. बेल हुक्स (१९५२–२०२१) ह्या नावाने लिहिणाऱ्या ग्लोरिया वॉटकिन्स हिने ट्रूथच्या त्या वादग्रस्त पालुपदावरूनच आपल्या पहिल्या ग्रंथाचे (१९८१) नाव ठेवले. त्यात तळटीपा नाहीत म्हणून विद्वानांनी नाके मुरडली. विद्यापीठाबाहेरच्या वाचकांसाठी आपण मुद्दामच तसे लिहिले, असे तिचे उत्तर होते.

हा विचार ग्रंथांपुरता राहिला नाही, हे १९९१ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयासाठी नियुक्त झालेले क्लॅरेन्स टॉमस यांच्यावर अनिटा हिल हिने लैंगिक छळाचा आरोप केला. दोघेही कृष्णवर्णीय होते. चौकशीला टॉमस यांनी लिंचिंगची उपमा दिली आणि ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांची निवड कायम झाली. नोव्हेंबरात १,६०३ काळ्या स्त्रियांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये निवेदन छापले : लिंचिंगच्या इतिहासाचा वापर काळ्या स्त्रीची तक्रार दडपण्यासाठी होत असल्याचा त्यांनी निषेध केला. वेल्सच्या कार्याच्या पार्श्वभूमीवर ह्या निषेधाची धार ध्यानात येते.

ह्या विचारावर आक्षेपही घेतले गेले. अनुभवालाच पुरावा मानल्यास परस्परविरोधी अनुभवांतून निवड कशी करावी, हा त्यांतील विचारार्ह आक्षेप. ‘काळी स्त्री’ ह्या एका नावाखाली मोलकरीण आणि प्राध्यापिका यांतील अंतर लपते, हा दुसरा. कॉलिन्सने स्वतः आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत देशोदेशींच्या काळ्या स्त्रियांचे प्रश्न घेऊन मांडणीचा विस्तार केला. ब्रिटनमध्ये हेझल कार्बी आणि ब्राझीलमध्ये लेलिया गोन्सालेस (१९३५–९४) यांनी आपापल्या समाजांच्या संदर्भात स्वतंत्र विवेचन केले.

महाराष्ट्राशी ह्या विचाराचा संबंध मुख्यतः दलित स्त्रीवादाच्या द्वारे येतो. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ दासप्रथा नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला होता आणि दलित पँथरने (१९७२) आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु दोन्ही ठिकाणी काळ्या स्त्रीचा स्वतंत्र विचार नव्हता. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी १९९८ मधील निबंधात कृष्णवर्णीय स्त्रीवादाने गोऱ्या स्त्रीवादावर केलेल्या टीकेचा आधार घेऊन दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. भारतातील स्त्रीचळवळीत ‘स्त्री’ म्हणजे सवर्ण स्त्री आणि दलित चळवळीत ‘दलित’ म्हणजे पुरुष असे गृहीत धरले गेले, हे त्यांनी दाखविले. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना त्यांनी साक्षीचा दर्जा दिला. तथापि येथील शोधाची सुरुवात अमेरिकेतील ग्रंथांवरून झाली नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्या स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन गाठले व त्यांच्या मुलाखतींवरून आम्हीही इतिहास घडवला हा ग्रंथ लिहिला. तो रेगे यांच्या निबंधापूर्वी नऊ वर्षे, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला होता.